एका तिकिटावर नागपूरची संग्रहालयं

दारव्हा

त्या वर्षी आमच्या बैठकीत माणसांना बसायला जागा नव्हती, कारण तिथे कापूस बसला होता. पार खिडकीच्या वरच्या गजापर्यंत. भाव पडला होता, वाढेल असं सगळेच म्हणत होते, आणि दारव्ह्यात ज्यांच्याकडे म्हणून दोन-चार एकर होते त्यांच्या बैठकीत तो वाट पाहत पडला होता. पाहुणे ओट्यावर बसायचे, पाय खाजवायचे, चहा पिऊन उठायचे. कापसाच्या खाजेनं पाहुणे फार वेळ टेकत नाहीत, एवढा एक फायदा त्या वर्षी कापसानं दिला.

घरात आम्ही दोघंच. मी प्राथमिक शाळेतली निवृत्त मास्तरीण, आणि आमचे हे, सुदामराव, एस.टी.तले निवृत्त कंडक्टर. दारव्हा-पुसद आणि दारव्हा-यवतमाळ एवढ्या दोन रस्त्यांवर यांची सगळी नोकरी गेली. लोकांना तिकिटं फाडून देऊन गावोगाव पोचवलं, स्वतः मात्र कुठे उतरले नाहीत. मीही त्यातलीच. जुन्या वस्तू जपून ठेवतात त्या जागेला संग्रहालय म्हणतात, हे मी वर्षानुवर्षं शिकवलं. एका मुलीनं एकदा विचारलं, "बाई, तुमी पाह्यलं काय?" मी वर्गाला पाढे म्हणायला लावले.

नागपूरला आम्ही जात नव्हतो असं नाही. दसऱ्याला दरवर्षी जायचो, पण ते दीक्षाभूमीला. फडक्यात भाकरी बांधून जायचं, पटांगणातच सतरंजी टाकायची, दुसऱ्या दिवशी पुस्तकं घेऊन वापस. पटांगणाच्या पलीकडेही नागपूर आहे, हे ऐकून माहीत होतं.

तर त्या पौषात यवतमाळच्या डॉक्टरांनी यांच्या डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं आणि काचबिंदू आहे म्हणाले. डावा डोळा गेलाच होता. यांनी तो जाताना पाहिला नाही. उजव्यात समोरचं तेवढं दिसत होतं, पाइपाला डोळा लावून पाहावं तसं. थेंब घातले तर आहे ते काही दिवस टिकेल, मग तेही जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. हे उठले, टोपी घातली आणि मला म्हणाले, "चाल, जीप भरली असन."

मी मात्र त्या जीपमध्येच ठरवलं. दिसतंय तोवर यांना काहीतरी दाखवायचं. जग दाखवायला पैसेही नव्हते आणि दिवसही नव्हते. संग्रहालयात जग एका छपराखाली आणून ठेवलेलं असतं, असं माझ्याच पुस्तकात होतं. म्हणून नागपूरची संग्रहालयं.

"कापूस विकला का जाऊ," हे म्हणाले.

"तुमचा डोळा कापसाच्या भावासाठी थांबनार हाय काय?"

यावर हे हो म्हणाले. फक्त एक अट घातली. तिकीट एकच काढायचं.

ही अट आमच्या घरात कोणालाच नवी नव्हती. आमच्याकडे जुनी पद्धत आहे. जत्रेत सर्कस आली, टुरिंग टॉकीज आली, की घरातलं एकच माणूस तिकीट काढून आत जायचं आणि येऊन ओट्यावर बाकीच्यांना सगळं सांगायचं. माझ्या सासूबाईंनी जन्मात एकही सिनेमा डोळ्यांनी पाहिला नाही, पण कित्येक सिनेमांत त्या बरोबर जागेवर रडल्या. सांगणाऱ्यानं थोडं तिखटमीठ लावायचं आणि ऐकणाऱ्यानं ते चालवून घ्यायचं, असा नियम. म्हणून मी अट मान्य केली. आत हे जातील, मी बाहेर बसेन, येऊन मला सांगतील. हिशोब सरळ होता.

रस्त्यात

दारव्ह्याहून यवतमाळपर्यंत रफिकच्या जीपनं गेलो. यांचा जीपवाल्यांवर जुना राग. एस.टी.चे प्रवासी त्यांनीच पळवले, असं यांचं मत, आणि ते मत हे जीपमध्ये बसून मोठ्यानं सांगतात. रफिकची जीप भरल्याशिवाय हलत नाही. भरली म्हणजे काय, हे रफिकच ठरवतो.

"काका, अजून दोन जन येऊन राह्यले," तो म्हणाला.

"कुठी बसवतो? माह्या मांडीवर?"

"तुमची मांडी रिकामीच हाय ना."

यांच्या मांडीवर शेवटी एक कोंबडीची पाटी आली. हे यवतमाळपर्यंत तिला धरून बसले आणि उतरताना पाटीवाल्या बाईला म्हणाले, "लगेजचं तिकीट लागते, यापुढं ध्यानात ठेवा." यवतमाळहून पुढे एस.टी. होती. तिच्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही, हे दर पाच मिनिटांनी यांनीच मला सांगितलं.

नागपूर, पहिला दिवस

नागपूरच्या इंदोऱ्यात माझी भाची वंदना राहते. तिच्याकडे मुक्काम. सकाळी तिनं तर्री-पोहे आणले. पोह्यांवर लाल रस्सा ओततात आणि त्यात हरभरे पोहत असतात. आमच्याकडे पोह्यांवर सांभार, म्हणजे कोथिंबीर, पेरतो, फार झालं तर लिंबू. हे दोन घास खाऊन म्हणाले, "पोहे भिजवाचे राह्यले होते म्हनून वरून भिजवले काय?" आणि मग दुसरी प्लेट मागितली.

नागपूरचं मोठं संग्रहालय जुन्या भक्कम इमारतीत आहे. आमच्याकडची म्हातारी माणसं त्याला अजायबघर म्हणतात. खिडकीशी जाऊन यांनी एक तिकीट घेतलं. मी थैली सावरली आणि चष्म्याची डबी यांच्यापुढे धरली, तर यांनी तिकीट माझ्या हातात दिलं.

"मी?"

"मंग कोन? चला, पुढं सरका."

"अहो, डोळे तुमचे चालले. माहे नाई."

"म्हनूनच," हे म्हणाले आणि कडुनिंबाखालच्या बाकावर जाऊन बसले.

मला संताप आला. ज्याच्यासाठी सगळं केलं तो माणूस झाडाखाली तंबाखू मळत बसला आणि मी तिकीट धरून फाटकात उभी. कंजूसपणा म्हणावा तर एका तिकिटावर आत कोणीही गेलं असतं. हे घाबरले असावेत, असं वाटलं. आत जाऊन काही दिसलंच नाही तर, म्हणून. वाद घालायला मागे रांग होती. मी आत गेले आणि पेपर तपासायला घेतल्यासारखी भराभरा सगळी दालनं पार करून बाहेर आले.

"सांग," हे म्हणाले.

"वाघ हाय. भुसा भरेल. मंग दगडाच्या मूर्त्या. मंग नाने. मंग भांडे."

"वाघाचं तोंड उघडं का बंद?"

"उघडं."

"दात?"

दात मला आठवेनात.

"मूर्त्या कायच्या?"

"एक बाई हाय. हात तुटेल हाय तिचा."

"कोनता?"

एस.टी.त तपासणीस चढला की कंडक्टरचं काय होतं ते मला त्या बाकापाशी समजलं. मी वापस गेले. दारातल्या पहारेकऱ्यानं तिकीट पाहिलं, मला पाहिलं.

"काकू, काही गुम झालं काय?"

"नाई. बाहेर आमचे हे बसले हायेत. त्याईले वाघाचे दात पाह्यजेत."

"दात देता नाही येत," तो गंभीरपणे म्हणाला. "पाहून घ्या."

मी पाहून घेतले. वाघाच्या हनुवटीखाली शिवण होती, गादीला असते तशी जाड दोऱ्याची. एक डोळा दुसऱ्याहून जरासा खाली बसवलेला, त्यामुळे तो रागावण्याऐवजी उधारी मागायला आलेल्यासारखा दिसत होता. दगडाच्या बाईचा डावा हात कोपरापासून गेला होता, पण मांडीवर त्या हाताची दोन बोटं तेवढी चिकटून राहिली होती. हात गेला, बोटं राहिली. पहिल्या खेपेला मी तिच्यासमोरूनच गेले होते.

बाहेर येऊन हे सगळं सांगितलं. यांनी डोळे मिटून ऐकलं. "बोटं कोनती?" मी पुन्हा आत. पहारेकरी आता नुसताच बाजूला व्हायला लागला.

असं किती वेळा झालं कोण जाणे. शेवटी पाय भरून आले. शेवटच्या कपाटात पितळी भांड्यांच्या रांगेत एक चुन्याची डबी होती. साधी, वरून गुळगुळीत, झाकणाला एक पोचा. तिच्यात सांगण्यासारखं काही नव्हतं, पण यांच्या खिशात जन्मभर चुन्याची डबी, म्हणून तेवढी सांगावी असं ठरवून मी बाहेर आले.

"एक चुन्याची डबी हाय, पितळेची."

"बरं."

तोंडावरची रेघ हलली नाही. डॉक्टरकडून आल्यापासून हे तोंड तसंच होतं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "झाकनावर मुंगी कोरेल हाय."

"मुंगी?"

"खरीच वाटते. म्या काचेवरून फूक मारून पाह्यली."

हे हसले. खांदे हलेपर्यंत हसले, हातातली तंबाखू सांडली. "उडाली काय?" म्हणून विचारलं आणि परत हसले. मलाही बरं वाटलं. सासूबाईंच्या घरात एवढं तिखटमीठ चालायचं.

दुपारी रेल्वेचं संग्रहालय. तिथे छोट्या लाइनीचं इंजिन आणि डबे मांडून ठेवलेत, नीट रंग देऊन. यांनी तिथे एकही तिकीट काढू दिलं नाही. "हे गाडी तं आपल्या घरामागून जाते," म्हणाले. "तिले पाह्याले पैसे देऊ?" मग फाटकाबाहेर उभं राहून आत काय काय असेल ते सगळं यांनीच मला सांगितलं. शिट्टी कुठे असते, कोळसा कुठून टाकतात, पावसाळ्यात कोणता डबा गळतो. मी पहिल्यांदाच बाहेर उभी राहून ऐकत होते, आणि चांगलं दिसलं.

तिसरं एका हौशी गृहस्थांनी आपल्या बंगल्यातच मांडलेलं संग्रहालय होतं. जुनी कुलपं, दिवे, वजनमापं. तिथे तिकीटच नव्हतं. मी म्हटलं, आता तरी चला. हे पायरीवर बसले. "तू जाऊन ये."

मी गेले. आतल्या खोलीत एका काचेच्या बरणीत कापूस होता. खाली चिठ्ठी, "कापूस. हात लावू नये."

"बरनीत कापूस ठेवला हाय," मी येऊन सांगितलं.

"किती?"

"मूठभर."

"त्यायचाही विकला नसन," हे म्हणाले.

मी हसले, पण मनात टाचणी टोचली. तिकीट नव्हतं, तरी हे आत आले नाहीत. म्हणजे अट पैशांची नव्हतीच.

संध्याकाळी वंदनानं सांभारवड्या तळल्या होत्या. ती आत गेली तसं मी विचारलं, "काहून नाई आले अंदर? फुकट होतं ना."

हे वडी मोडत राहिले. मग म्हणाले, "मले दिसनं बंद झालं का सारं असंच राहीन ना? मी बाहेर, तू अंदर. तू जाऊन पाहाचं आन मले येऊन सांगाचं. म्हनलं, थोडं दिसून राह्यलं तवाच जमते का पाहून घेऊ. मंग घाई व्हते."

दिवसभर मी या माणसाला मनात कंजूस आणि भित्रा म्हणत होते.

"मंग? जमलं काय?" मी विचारलं.

"सकाळी नोतं जमत. वाघ हाय, नाने हाय, भांडे हाय. हजेरी घेऊन राह्यली होती तू. म्हनलं, आता कायचं व्हते. मंग बोटं सांगतले तवा जरा वाटलं. आन ते मुंगी सांगतली ना, तवा दिसली. डोळे मिटून दिसली. तवा म्हनलं, जमन." यांनी पाणी प्यायलं. "उद्या मी येतो अंदर. बाकी सारं तुह्यावर सोडलं, ते एक मुंगी माह्या डोळ्यानं पाहून घेतो."

वंदना आणखी वड्या घेऊन आली. मी एकही खाल्ली नाही. सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर उद्यापासून माझ्या कोणत्या शब्दावर यांनी डोळे मिटले असते? आणि नाही सांगितलं, तर उद्या ते स्वतःच पाहणार होते. उरल्यासुरल्या दिसण्यातलं एक दिसणं या माणसानं माझ्या थापेसाठी राखून ठेवलं होतं.

दुसरा दिवस

सकाळी मी फार उत्साह दाखवला. आधी झिरो माइलचा दगड पाहू म्हटलं, फुकट आहे. पाहिला. चार घोडे आहेत, उधळलेले. यांनी घोड्यांना हात लावून पाहिलं आणि म्हणाले, "चाल आता." मी म्हटलं, संत्री घेऊ. घेतली. म्हटलं, तलाव पाहू. "तलाव घरी नाई काय?" मग संग्रहालय सोमवारी बंद असतं, असं मला आठवलं. बंद असू दे अशी मी जन्मात पहिल्यांदा एका सरकारी जागेसाठी इच्छा केली. तो बुधवार होता.

खिडकीशी यांनी खिशात हात घातला. "दोन," हे म्हणाले.

पहारेकऱ्यानं मला ओळखलं. "आज साहेबही आले?"

"वाघाचे दात तपासाले," हे म्हणाले.

मी कोपर धरून यांना नेलं. वाघापाशी हे थांबले, मान इकडेतिकडे करून डोळा बरोबर जागेवर आणला. "शिवन हाय," म्हणाले. "उधारीवालाच वाटते, खरं हाय." दगडाच्या बाईपाशी तर पुष्कळ वेळ. "डावा. दोन बोटं." जे जे मी सांगितलं होतं ते ते निघत होतं, आणि दर वेळी हे मान डोलावत होते. सगळं खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटचं कपाट आलं. मी म्हटलं, "इथं उजेड कमी हाय, नीट दिसनार नाई." हे वाकले. चष्मा कपाळावर सरकवला, नाक काचेला लागलं. श्वासानं काच धूसर झाली, ती बाहीनं पुसली. पहारेकरी पुढे आला, "साहेब, काचेला हात नका लावू," आणि मग यांच्याकडे पाहून तिथेच उभा राहिला.

मी डबीकडे पाहिलं. काल होती तशीच. गुळगुळीत झाकण, एक पोचा.

"हाय," हे म्हणाले.

"काय?"

"मुंगी. बरोबर सांगतलं तू." यांनी पुन्हा डोळा लावला. "पन पाय पाचच कोरले त्यानं. एक राह्यला. तू सांगतलं नाई ते."

पहारेकरी वाकला. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. "असेल," तो म्हणाला. "रोज उभा राहतो, पण पाहते कोण?"

माझ्याकडे न पाहता हे म्हणाले, "आता जिकडं जाशीन तिकडं पाय मोजत जाय." आणि कोपर पुढे केलं, मी धरावं म्हणून.

बाहेर कडुनिंबाखाली मला रडू आलं. कापसाची खाज म्हणता आलं नाही, कापूस दारव्ह्यात होता. हे शेजारी बसून संत्रं सोलत होते. एक फोड माझ्या हातावर ठेवली आणि विचारलं, "तो पाहारेकरी कसा दिसते? नीट दिसला नाई मले."

मी सांगितलं. मिशी सांगितली, उसवलेला खिसा सांगितला, चपलेचा अंगठा खिळ्यानं ठोकलेला सांगितला. यात काहीही तिखटमीठ नव्हतं. लागत नव्हतं.

वापस

भाव काही वाढला नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर आहे त्या भावात कापूस गेला आणि बैठक माणसांना मोकळी झाली. पाहुणे आता आत बसतात आणि लवकर उठत नाहीत. यांचा उजवा डोळा पुढच्या दिवाळीपर्यंत टिकला.

आता मी सकाळी ओट्यावर उभी राहून रस्ता सांगते. कोणाच्या जीपला नवी शिडी बसली, कोणाच्या झाडाच्या शेंड्यावर किती कावळे. हे डोळे मिटून ऐकतात. मिटायची गरज नाही, पण सवय आहे. आणि आलेल्या प्रत्येकाला नागपूरचं अजायबघर हेच सांगतात, मी नाही. त्यातला वाघ, त्यातली बाई, आणि डबीवरची पाच पायांची मुंगी. त्या मुंगीचं तोंड आता तंबाखूकडे वळलेलं आहे. मी दुरुस्त करत नाही.

परवा रफिक आला होता. बायकोला घेऊन नागपूरला गेलता, खास अजायबघरात जाऊन आलता.

"काका, चुन्याची डबी पाह्यली आमी," तो म्हणाला. "चारी बाजूनं पाह्यली. मुंगी-गिंगी काही दिसली नाई."

"कशी दिसन?" हे म्हणाले. "तुह्यासंगं मास्तरीण कुठी होती?"